पण किचन नाही आवडलं

फ्लॅट बघून झाला की निकाल बहुतेक वेळा लिफ्टमध्येच लागतो. हॉल चांगला आहे, हवा छान येते, स्टेशन जवळ आहे. पण किचन नाही आवडलं. का नाही आवडलं, असं विचारलं की यादी सुरू होते. ओटा बुटका आहे. सिंक कोपऱ्यात अडकलंय. दोघी उभ्या राहिल्या तर एकमेकींना कोपर लागतं. फ्रीजला जागाच सोडलेली नाही, तो हॉलमध्ये येणार. संडासाचं दार समोरच उघडतं. प्लग पॉइंट एकच आहे. आग्नेयेला नाहीये. आणि हल्लीची नवी तक्रार: ओपन किचन आहे, बांगडा तळला की सोफ्याला वास येणार.

मी या याद्या जमवते. मैत्रिणी, मावसभावंडं, ऑफिसातले लोक घर बघायला निघाले की मी सोबत जाते आणि ते काय नाकारतात ते लक्षात ठेवते. काय आवडलं यात फारसा फरक नसतो. ब्रोशरमध्ये जे छापलेलं असतं तेच सगळ्यांना आवडतं. नावडती मात्र प्रत्येक गोष्ट वेगळ्या काळातून आलेली असते. आज ज्या ओट्याला आपण नाक मुरडतो, तो कधीकाळी मोठी सोय म्हणून आला होता. आज जी रचना चुकीची वाटते, तिच्यामागे कुणाचा तरी हिशोब होता, कुणाची तरी भीती होती.

या यादीचा इतिहास वाचताना मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो. घर पसंत करणारं माणूस आणि त्या ओट्याशी राबणारं माणूस एकच होतं का?

नाकारायला आधी स्वयंपाकघर हवं

जुन्या वाड्यात स्वयंपाकघर घराच्या पोटात असायचं. ओसरी, माजघर ओलांडून आत गेलं की मग चूल. परक्याची नजर पडू नये, सोवळं मोडू नये, म्हणून ते आत. त्यामुळे उजेड तिथवर पोचत नसे आणि धूर तिथून बाहेर पडत नसे. जमिनीवर चूल, तिला लागून वैल, हाताशी फुंकणी, एका बाजूला पाटा-वरवंटा, भिंतीत फडताळ. भिंतींवर काजळी. दिवसाचा मोठा भाग त्या धुरात काढणाऱ्या बाईला, हे घर तुला पसंत आहे का, असं कुणी विचारलेलं नसायचं. घर वडिलोपार्जित आणि ती तिथे लग्न होऊन आलेली. नापसंती तिलाही असणारच. पण ती जात्यावरच्या ओव्यांमध्ये गेली, घराच्या नकाशात आली नाही.

मुंबईत प्रश्न वेगळा होता. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला आणि १८९८ मध्ये 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्त्यांतून रस्ते काढणं, नव्या वसाहती वसवणं हे त्याचं काम. पण गिरणीत काम करणाऱ्याच्या वाट्याला आली ती चाळीतली एक खोली. दारातून आत शिरलं की एका कोपऱ्यात मोरी, मोरीजवळ चूल किंवा शेगडी, वर भांड्यांची मांडणी. रात्री जेवणं आटोपली की तिथेच अंथरुणं पडायची.

१९२० मध्ये सरकारने 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' काढलं. त्यातून वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे उभ्या राहिल्या त्या बीडीडी चाळी. एकूण २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. सुरुवातीच्या वर्षांत यातल्या हजारो खोल्या रिकाम्या पडून होत्या. कामगारांना भाडं परवडत नव्हतं, वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटत होती. म्हणजे घर नाकारण्याची ताकद गरिबालाही थोडीफार होती. पण किचन आवडलं नाही, असं म्हणायला आधी वेगळं किचन असावं लागतं. १६० चौरस फुटांत ते एका कोपऱ्याचं नाव होतं.

त्याच कोपऱ्यांतून गिरणगावाची पोटं भरली. गावाहून एकटे आलेले कामगार खाणावळीत जेवायचे, आणि खाणावळ म्हणजे बहुतेकदा अशाच एका खोलीत पहाटेपासून भाकऱ्या थापणारी बाई. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. सावकाराच्या वहीत नाव असलेल्या बायकांचं नाव बँकेच्या कागदावर आलं. चुलीपुढचं काम हे काम आहे, त्याला पैसा लागतो आणि त्यातून पैसा येतो, हे तिथे कागदोपत्री मान्य झालं. घर विकताना-घेताना मात्र ते मान्य व्हायला अजून बराच वेळ होता.

संडासाचं दार

यादीतली सगळ्यात ठाम तक्रार हीच असते. किचनच्या समोर किंवा शेजारी संडास नको. कुणी आरोग्याचं कारण सांगतं, कुणी वास्तुशास्त्राचं. बिल्डरला विचाराल तर तो नळांचं कारण सांगेल: पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांसाठी एकच डक्ट पुरते, म्हणून किचन, बाथरूम, संडास एकमेकांना चिकटून काढले की खर्च वाचतो.

पण ही नावड पाइपांपेक्षा जुनी आहे. भुयारी गटारं येण्याआधी मुंबईत टोपलीचे संडास होते. मैला माणसं वाहून नेत. ती माणसं कुठल्या जातीची हे सांगायला नको. त्यांनी घरातून जाऊ नये म्हणून संडास इमारतीच्या मागच्या अंगाला बांधायचे आणि सफाई कामगारासाठी वेगळा जिना ठेवायचा. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या पाठीमागे लोखंडी गोल जिने अजून दिसतात. इन्स्टाग्रामवर त्यांचे सुंदर फोटो असतात. ते सुंदर आहेतच. पण ते शोभेसाठी लावलेले नव्हते.

पाण्याने धुतला जाणारा संडास आला आणि तो घरात घेणं शक्य झालं. १९२० आणि ३० च्या दशकांत दादर, माटुंगा, हिंदू कॉलनी या भागांत 'सेल्फ-कन्टेन्ड' फ्लॅटच्या इमारती उठायला लागल्या: मोरी, नळ, संडास सगळं आपल्याच दाराच्या आत. आज आपण ही किमान सोय समजतो. तेव्हा सोवळं पाळणाऱ्या घरांना ती अवघड गोष्ट होती. ज्या छताखाली देव आहेत आणि चूल आहे, त्याच छताखाली संडास कसा? मग तो पॅसेजच्या टोकाला किंवा मागच्या बाल्कनीच्या कडेला ठेवण्याच्या तडजोडी निघाल्या. जुन्या फ्लॅटमधला तो लांबलचक, वाया गेल्यासारखा वाटणारा पॅसेज आठवा. त्यात जागा वाया गेलेली नाही, तिथे अंतर राखलं आहे.

याच काळात गृहनिर्माण सोसायट्याही येत होत्या. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींची सोसायटी झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्यामागचं मुख्य नाव. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाने आहे. मध्यमवर्गीयांनी एकत्र येऊन घरं बांधावीत, ही कल्पना त्या काळी मोठी होती. पण सुरुवातीच्या अशा सोसायट्या ज्ञातीच्या पायावर उभ्या राहिल्या हेही खरं. भिंतीपलीकडे काय शिजतं आणि कोण शिजवतं, हा प्रश्न तिथे आधीच सुटलेला असायचा.

म्हणून संडासाच्या दाराबद्दलची आजची तक्रार ऐकली की मी चटकन हसत नाही. वास, ओल, झुरळं ही कारणं खरी आहेत. पण त्या कारणांच्या आत एक जुनी विटाळाची कल्पना दबून बसलेली आहे. तिचं नाव बदललंय, नकाशावरची जागा तीच आहे.

बसून की उभ्याने

'ओटा' हा शब्द जुना आहे. देवळाचा ओटा, दारापुढचा ओटा. स्वयंपाकाचा ओटा त्यामानाने नवा. चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक करायचा, भाजी विळीवर चिरायची, वाटण पाट्यावर वाटायचं, भाकरी परातीत थापायची. सगळी हत्यारं जमिनीवर बसणाऱ्या शरीरासाठी घडवलेली होती. त्यामुळे सुरुवातीला फ्लॅटमधले कडप्प्याचे ओटे अनेक घरांत भांडी ठेवायलाच वापरले जात. रॉकेलचा स्टोव्ह खाली, बाई खाली, आणि ओट्यावर डब्यांची उतरंड. उभ्याने रांधणं हे काही आजींना घाईचं, उरकून टाकल्यासारखं वाटायचं.

बाईला उभं केलं ते मुख्यतः गॅसने. १९५० च्या दशकाच्या मध्यावर 'बर्मा-शेल' कंपनीने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला. १९६५ मध्ये 'इंडेन' आला. गॅसचा एक साधा नियम आहे. तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो. म्हणून सिलिंडर खाली उभा ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, ओट्यावर किंवा टेबलावर. कनेक्शन देताना हे आजही बजावून सांगतात. दोन फूट उंचीचा सिलिंडर जमिनीवर ठेवला की ज्योत कंबरेच्या उंचीला येते, आणि तिच्यामागोमाग बाईही. विळीची जागा सुरीने घेतली. पाट्याचं काम १९६० च्या दशकात आलेल्या 'सुमीत'सारख्या मिक्सरने घेतलं. डाळ-भात कुकरमध्ये गेला. धूर संपला, डोळ्यांची आग थांबली. हा बदल किती मोठा होता हे आपल्याला आता जाणवतही नाही. २०१६ मध्ये 'उज्ज्वला' योजना सुरू झाली तेव्हा देशात कोट्यवधी घरं अजून चुलीवरच होती, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

पण ओट्यासोबत एक नवी तक्रारही जन्माला आली: उंची. जमिनीवर बसणाऱ्यांची उंची चुलीला विचारावी लागत नसे. उभ्याने काम करायचं तर ओटा कोपरापासून चार-सहा इंच खाली हवा, नाहीतर खांदे भरून येतात किंवा पाठ वाकते. आणि ओटा एकदा दगडात बांधला की बांधला. तो कुणाच्या मापाने बांधायचा? बहुतेक वेळा गवंड्याच्या सवयीच्या मापाने. पुढे मॉड्युलर किचन आलं ते पाश्चात्त्य देशांतलं साधारण ३६ इंचांचं माप घेऊन. पाच फूट उंचीच्या बाईला तिथे उभं राहून पोळ्या लाटायच्या तर टाचा उचलाव्या लागतात. जुन्या फ्लॅटमध्ये ओटा बुटका म्हणून नावडतो, नव्यात उंच म्हणून. दोन्हीकडे तिचं माप कुणी घेतलेलं नसतं.

फ्रँकफर्टची साडेसहा चौरस मीटर

हे माप खरंच कुणी तरी घ्यायला बसलं होतं. मुंबईत बीडीडीच्या चाळी उभ्या राहत होत्या त्याच दशकात, जर्मनीत.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी हजारो घरं बांधायची होती. अर्न्स्ट माय हे या योजनेचे प्रमुख. त्यांनी किचनचं काम मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या तरुण ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंकडे दिलं. १९२६ मध्ये त्यांनी जे किचन आखलं ते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं, म्हणजे जेमतेम साडेसहा चौरस मीटर. आगगाडीच्या डायनिंग कारमध्ये एवढ्याशा जागेत एवढ्या लोकांचा स्वयंपाक कसा होतो, हे त्यांनी पाहिलं. घड्याळ लावून कामांचा वेळ मोजला, कुठून कुठे किती पावलं पडतात ते मोजलं. कारखान्यात वेळ वाचवायच्या ज्या पद्धती अमेरिकेत निघाल्या होत्या, त्या घरात आणणाऱ्या क्रिस्टिन फ्रेडरिक यांचं लिखाण त्यांनी वाचलं होतं. पीठ, साखर, तांदूळ यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे नावं लिहिलेले खण केले. बसून काम करता यावं म्हणून खिडकीपाशी टेबल आणि फिरतं स्टूल ठेवलं. निळ्या-हिरव्या रंगावर माश्या बसत नाहीत असं तेव्हा मानत, म्हणून काही किचनांना तो रंग दिला. अशी सुमारे दहा हजार किचनं बसवली गेली.

आणि राहायला आलेल्या अनेक बायकांना ती आवडली नाहीत. त्यांची सवय मोठ्या खोलीची होती: तिथेच शेगडी, तिथेच जेवणाचं टेबल, तिथेच मुलं. नव्या किचनमध्ये एकीनेच उभं राहायचं. दुसरं माणूस मदतीला आलं की अडचण. मुलांचे हात नेमके पिठासाखरेच्या खणांपर्यंत पोचायचे. पावलं वाचली, पण सोबत गेली. पुढे १९७० च्या दशकात स्त्रीवादी अभ्यासकांनी नेमकी हीच टीका केली: बाईचं काम सोपं करताना तिला एकटीलाच आत बंद करून टाकलं.

श्युटे-लिहोत्स्की यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. बाईचा वेळ वाचला तर ती घराबाहेर काम करू शकेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. नाझी राजवटीविरुद्ध काम केल्याबद्दल १९४१ मध्ये त्यांना अटक झाली आणि युद्ध संपेपर्यंत त्या तुरुंगात होत्या. १०३ वर्षांच्या व्हायला काही दिवस बाकी असताना, २००० मध्ये त्या वारल्या. एक गोष्ट त्यांनी उतारवयात मोकळेपणाने सांगितली होती: ते किचन आखण्यापूर्वी त्यांनी स्वतः कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकाचा अनुभव नव्हता. पुढे त्या वसाहतींतल्या लोकांनी त्यातली बरीच किचनं उखडून फेकून दिली. वाचलेल्यांपैकी एक आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे.

पावलं मोजणं महत्त्वाचं होतं. पण त्या किचनमध्ये कोण कोण येणार, हे विचारायचं राहून गेलं.

पाच चौरस मीटर

फ्रँकफर्टची साडेसहा चौरस मीटर फार कमी वाटली असतील तर आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतला आकडा बघा. जेवणाची जागा वेगळी असेल तर किचन किमान ५ चौरस मीटर हवं, आणि रुंदी किमान १.८ मीटर. आता हिशोब करा. ओटा दोन फूट खोल, म्हणजे ६० सेंटीमीटर. समोरच्या भिंतीला फ्रीज आणि ट्रॉल्या लावल्या की तिकडचेही ६० गेले. मध्ये उरले ६० सेंटीमीटर. एवढ्यात एक माणूस वळू शकतं. दोघांना एकमेकांच्या पाठीमागून जायचं तर एकाने ओट्याला चिकटून श्वास रोखावा लागेल. किमान म्हणून लिहिलेला आकडा बाजारात प्रमाण होऊन बसतो.

'दोन माणसं मावत नाहीत' ही तक्रार मी पन्नाशी-साठीच्या बायकांकडून फारशी ऐकत नाही. ती तिशीतल्या जोडप्यांकडून येते. याचं कारण मोजमापापेक्षा त्यांच्या संसारात आहे. त्यांना खरंच दोघांनी उभं राहायचं असतं, निदान तसं ठरलेलं असतं.

नापसंती बोलून दाखवायची सोय मुळात उशिरा आली. भाड्याच्या, पागडीच्या खोलीत मिळेल ते घ्यायचं असे. मग ओनरशिप फ्लॅट आले आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६३ मध्ये कायदा झाला. १९७७ मध्ये एचडीएफसी स्थापन झाली आणि पगारदार माणसाने कर्ज काढून घर घेणं हळूहळू रुळलं. वीस वर्षं हप्ते भरायचे म्हटल्यावर माणूस चार घरं बघून पाचवं घेतो. बाजारात निवड आली तशी दिशाही परत आल्या. चाळीतल्या खोलीत चूल कुठल्या दिशेला हे विचारणं कुणाला परवडत नव्हतं. आता 'किचन आग्नेयेला' असं जाहिरातीतच छापतात.

प्लग पॉइंटची तक्रारही याच काळातली. चाळीस वर्षांपूर्वीच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर एक प्लग असायचा, कारण विजेवर चालणारं यंत्र म्हणजे एकच मिक्सर. फ्रीज हॉलमध्ये असायचा, आणि त्यात कमीपणा नव्हता. पाहुण्यांना तो दिसावा अशीच इच्छा होती. आज मिक्सर, मायक्रोवेव्ह, पाण्याचा फिल्टर, चिमणी, इंडक्शन, एअर फ्रायर. जुन्या किचनचा दोष इतकाच, की एकाच बाईच्या दोन हातांवर सगळं निभावेल असं त्याने गृहीत धरलं होतं.

वास

नव्या टॉवरमध्ये भिंतच नसते. हॉलला लागून ओटा, मध्ये उंच खुर्च्या. फ्रँकफर्टच्या बायकांचा एकटेपणा यात नाही. पोळ्या लाटता लाटता गप्पांत भाग घेता येतो. तरी कितीतरी जण हे बघून मागे फिरतात. कारण आपला स्वयंपाक फोडणीचा. मोहरी तडतडते, हिंग-मिरचीचा ठसका उठतो, सुकट भाजली तर मजला जागा होतो. चिमणी यातलं थोडंच ओढून घेते. अमेरिकेतल्या अनेक भारतीय घरांत मासे तळायला गॅरेजमध्ये वेगळी शेगडी मांडतात ती याचसाठी.

इथवर प्रश्न सोयीचा आहे. पण वास कधीच नुसता वास राहत नाही. इंग्लंडमधल्या केंटमधल्या एका मोठ्या घरमालकाने २०१७ मध्ये आपल्या एजंटांना भारतीय आणि पाकिस्तानी भाडेकरू नकोत असं कळवलं. कारण काय, तर घराला करीचा वास राहतो. कोर्टाने तो नियम बेकायदा ठरवला. बातमी वाचून आपल्याकडे सगळे संतापले. मग आपल्याच शहरांत 'फॅमिली व्हेज आहे ना?' हा प्रश्न भाड्याचं घर बघताना पहिल्या पाच मिनिटांत येतो, त्याला काय म्हणायचं? तिथेही कारण वासाचंच सांगतात. किचनची भिंत काढून टाकली तरी जुनी भिंत सोसायटीच्या गेटवर उभी असते.

सही एकीची, उभी दुसरी

१ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळायला लागली. काही घरांत हा फक्त पैसे वाचवायचा मार्ग असेल. पण माझ्या ओळखीत तरी कर्ज स्वतःच्या पगारावर काढून, सही स्वतः करून घर घेणाऱ्या मुली आहेत. त्या घर बघायला येतात तेव्हा थेट किचनमध्ये जातात, ओट्यापुढे उभ्या राहतात, हात वर करून कपाट गाठतंय का बघतात. ओट्याशी उभं राहणारी व्यक्ती आणि नाही म्हणू शकणारी व्यक्ती इथे एक झाली. वाड्यातल्या त्या बाईपासून इथवरचा प्रवास मला फार मोलाचा वाटतो.

पुरुष या चित्रात किती आले? २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीनुसार दिवसभरात बिनपगारी घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या, पुरुष २६.१ टक्के. आणि जे हे काम करतात त्यांच्यात बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. दोन माणसांचं किचन मागणाऱ्या जोडप्यांना हे आकडे खोटे पाडायचे असतील तर अजून बरंच काम बाकी आहे.

आणि एक माणूस अजून या यादीत आलेलंच नाही. शहरातल्या कितीतरी फ्लॅटमध्ये सकाळी सात वाजता ओट्यापुढे जी उभी असते, तिची घराच्या कागदावर सही नसते. आपण तिला ताई किंवा मावशी म्हणतो. ती एका दिवसात चार-पाच किचनमध्ये उभी राहते: एका ठिकाणी उंच ओटा, दुसरीकडे बुटका, तिसरीकडे खोल सिंक, चौथीकडे ड्राय बाल्कनीत वाकून भांडी. किचनमध्ये पंखा लावला तर ज्योत फडफडते म्हणून तो नसतो, आणि एसीचा पॉइंट तर तिथे कुणी काढतच नाही. मे महिन्यात दोन शेगड्यांपुढे पोळ्या लाटणाऱ्या माणसाला काय वाटतं, हे सॅम्पल फ्लॅटमध्ये फिरताना कुणालाच आठवत नाही. मी इतक्या याद्या जमवल्या. 'किचनमध्ये फार उकडेल' म्हणून घर नाकारलेलं मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही.

किचनचे जाणते परीक्षक या शहरात आज कुणी असतील तर त्या याच बायका. कुठला ओटा पाठ मोडतो, कुठल्या सिंकमधून पाणी अंगावर उडतं, कुठल्या खिडकीतून वाफ खरंच बाहेर जाते, हे त्यांना तोंडपाठ असतं. घर घेताना त्यांना कुणी सोबत नेत नाही. नेलं तर लिफ्टमध्ये येणारी यादी वेगळी असेल.